मायक्रोआरएनए आणि कर्कपेशी : घट नेमकी कोणत्या टप्प्यावर होते?

कर्करोगावरच्या संशोधनाचे वृत्त वाचताना ‘अमुक मायक्रोआरएनए या अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) वाढलेला आढळला’ किंवा ‘तमुक मायक्रोआरएनए घटलेला आढळला’ असे वाक्य हमखास भेटते. वाक्य बहुधा खरे असते, पण त्यातून फारसे काही हाती लागत नाही. एखाद्या मायक्रोआरएनएचे प्रमाण घटले म्हणजे त्याचे जनुकच नाहीसे झाले आहे, की जनुक शाबूत असून ते वाचलेच जात नाही, की वाचले जाते पण पुढची काटछाट अडते, की पुरेसा तयार होऊनही तो दुसरीकडेच गुंतून पडतो? या चार शक्यता म्हणजे चार वेगवेगळे बिघाड आहेत आणि त्यांच्यावरचे उपायही वेगवेगळे असणार. माझ्या मते मायक्रोआरएनए आणि कर्करोग यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर वाढ-घटीच्या याद्यांपेक्षा हा रेणू तयार होण्याच्या वाटेवरून एकदा सावकाश चालत जाणे अधिक उपयोगाचे आहे. या लेखात तेच करायचे आहे.

आधी थोडी उजळणी. जनुकातील माहितीची प्रत म्हणजे संदेशवाहक आरएनए. ही प्रत केंद्रकातून पेशीद्रवात येते, रायबोसोम ती वाचतात आणि तिच्याबरहुकूम प्रथिन बनवतात. मायक्रोआरएनए हासुद्धा आरएनएच, परंतु त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. त्याची लांबी साधारण २२ न्यूक्लिओटाइड, म्हणजे सोप्या भाषेत २२ अक्षरे, एवढीच असते. तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत बसतो आणि त्याला योग्य संदेशवाहक आरएनएपर्यंत नेतो. ही ओळख पटवण्याचे काम मुख्यतः मायक्रोआरएनएच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा छोटा तुकडा करतो. या तुकड्याला जुळणारा मजकूर बहुतेक वेळा संदेशाच्या शेपटाकडच्या, प्रथिनात रूपांतरित न होणाऱ्या भागात असतो. जोडी जुळली की त्या संदेशापासून प्रथिन बनण्याचे काम मंदावते आणि तो संदेश लवकर नष्ट होतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मायक्रोआरएनए म्हणजे जनुक बंद करणारी कळ नव्हे. एका मायक्रोआरएनएमुळे बहुतेक लक्ष्य-प्रथिनांचे प्रमाण निम्म्यावरही येत नाही. त्याचा जोर एकाच प्रथिनावरच्या मोठ्या परिणामात नसून शेकडो संदेशांवर एकाच वेळी दिलेल्या हलक्या दाबात आहे. मानवाच्या प्रथिन बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकांच्या संदेशांत असे जुळणीचे मजकूर उत्क्रांतीत टिकून राहिलेले दिसतात. पेशीचे विभाजन, तिची वाढ आणि तिचा नियोजित मृत्यू यांचा समतोल अशा अनेक हलक्या दाबांवर उभा असतो, आणि म्हणून एखादाच दाब नाहीसा झाला तरी तो समतोल ढळू शकतो.

या रेणूंचा शोध ज्या प्राण्यात लागला, तिथेच कर्करोगाशी असलेल्या नात्याची चाहूल होती. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स या गोलकृमीत लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए आणि त्याची काम करण्याची रीत दाखवून दिली. तेव्हा ही त्या कृमीचीच काही खासियत असावी, असे अनेकांना वाटले. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेने लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए शोधला आणि तो माणसासकट असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा आढळला, तेव्हा चित्र पालटले. या दोघांना २०२४ चे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेट-७ बिघडलेल्या कृमीत त्वचेच्या काही पेशी प्रौढावस्थेत पोचल्यावर थांबायच्याऐवजी अळीच्या अवस्थेतल्याच पेशी असल्यासारख्या पुन्हा विभागत राहतात. थांबण्याची वेळ झाली आहे, हे त्यांना कळतच नाही. हे निरीक्षण लक्षात ठेवावे, कारण पुढे लेट-७ पुन्हा येणार आहे.

तयार होण्याची वाट

मायक्रोआरएनएचे जनुक वाचले गेले की आधी शेकडो, कधी हजारो अक्षरांची लांब प्रत तयार होते. तिचा एक भाग स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा आकार घेतो, म्हणजे दोन समांतर भुजा आणि वरच्या टोकाला त्यांना जोडणारे वळण. केंद्रकातच ड्रोशा नावाचे विकर (एन्झाइम), डीजीसीआर८ या जोडीदार प्रथिनाच्या मदतीने, ही पिन लांब प्रतीतून कापून वेगळी करते. आता साधारण ६० ते ७० अक्षरांचा तुकडा उरतो. एक्सपोर्टिन-५ हे वाहक प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर नेते. पेशीद्रवात डायसर हे दुसरे विकर पिनेचे वळण छाटून टाकते, आणि २२-२२ अक्षरांच्या दोन भुजा एकमेकींना चिकटलेल्या स्थितीत उरतात. त्यांपैकी एक भुजा आर्गोनॉटमध्ये बसते आणि कामाला लागते, तर दुसरी बहुतेक वेळा टाकून दिली जाते.

वाचन, पहिला छेद, निर्गमन, दुसरा छेद, आर्गोनॉटमधील स्थापना आणि अखेरीस विघटन अशी ही वाट आहे. यांपैकी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कर्कपेशींनी हस्तक्षेप केल्याची उदाहरणे सापडली आहेत. सगळ्यांचे महत्त्व मात्र सारखे नाही, त्यामुळे काहींपाशी थांबून आणि काहींना नुसता स्पर्श करून पुढे जाऊ.

जनुकाचीच हानी

सर्वांत सरळ बिघाड म्हणजे जनुकच नाहीसे होणे. बी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा, दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया हा प्रौढांमधील रक्ताचा कर्करोग आहे. त्याच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत १३ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा १३क्यू१४ हा तुकडा गळालेला असतो. इतक्या रुग्णांत एकच तुकडा गळतो, त्या अर्थी तिथे अर्बुदाला आवर घालणारे एखादे जनुक असणारच, या विचाराने संशोधक वर्षानुवर्षे त्या भागात प्रथिन बनवणारे जनुक शोधत राहिले आणि समाधानकारक उमेदवार काही सापडेना. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाने दाखवले की या भागात मिर-१५ए आणि मिर-१६-१ या दोन मायक्रोआरएनएंची जनुके आहेत आणि बहुसंख्य रुग्णांत ती एकतर गळालेली किंवा मंदावलेली आहेत. कर्करोगाशी मायक्रोआरएनएचा थेट संबंध जोडणारा हा पहिला पुरावा होता. शोध प्रथिनाचा चालला होता म्हणून उत्तर समोर असूनही दिसत नव्हते, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात विशेष शिकवून जाणारी वाटते.

हे दोन मायक्रोआरएनए बीसीएल२ या प्रथिनाला आवर घालतात, हे २००५ मध्ये स्पष्ट झाले. बीसीएल२ पेशीला नियोजित मृत्यूपासून वाचवते. आवर गेला की बीसीएल२ वाढते आणि ज्या बी-पेशी मरायला हव्यात त्या मरेनाशा होतात. हा ल्युकेमिया हळूहळू साठत जाणारा आजार आहे, याच्याशी हे अगदी जुळते. याच बीसीएल२ ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध आज या आजारावर वापरले जाते. ते मायक्रोआरएनएच्या संशोधनातून जन्माला आलेले नाही, पण दोन्ही वाटा शेवटी एकाच प्रथिनापाशी येऊन मिळतात.

उलट बाजूही याच गुणसूत्रावर आहे. १३क्यू३१ या दुसऱ्या भागात मिर-१७-९२ हा सहा मायक्रोआरएनएंचा जुडगा एकाच लांब प्रतीतून तयार होतो. काही बी-पेशींच्या लिम्फोमांत (लसिका ग्रंथींच्या कर्करोगांत) या भागाच्या अनेक जादा प्रती असतात. २००५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात या जुडग्यामुळे लिम्फोमा लवकर उद्भवतो असे दिसले. तेव्हापासून कर्करोगाला हातभार लावणाऱ्या मायक्रोआरएनएंना ‘ऑन्कोमिर’ म्हटले जाऊ लागले.

या नावाबद्दल मात्र सावध राहायला हवे. मिर-२२१ काही अर्बुदांत पेशीविभाजनाला लगाम घालणारे पी२७ हे प्रथिन दाबून वाढीला मदत करतो, तर रक्ताच्या काही पेशींत तोच किट या वाढीच्या प्रथिनाला दाबून वाढ रोखतो. मायक्रोआरएनए चांगला की वाईट हे त्याच्या अंगी नसते. त्या पेशीत कोणते संदेश हजर आहेत, यावर ते ठरते.

जनुक आहे, पण वाचले जात नाही

जनुक जागेवर असूनही त्याची प्रत कमी किंवा जास्त निघू शकते. मायक्रोआरएनएची जनुके बहुतांशी प्रथिनांच्या जनुकांसारखीच, त्याच यंत्रणेने वाचली जातात. त्यामुळे कर्करोगात बिघडणारे नेहमीचे नियंत्रक इथेही ढवळाढवळ करतात. मिक हे वाढीला चालना देणारे प्रथिन वर उल्लेखलेल्या मिर-१७-९२ च्या जनुकावर बसून त्याचे वाचन वाढवते आणि त्याच वेळी इतर अनेक मायक्रोआरएनएंचे वाचन दाबते. पी५३ हे पेशीचे सर्वांत महत्त्वाचे राखणदार प्रथिन आहे. डीएनएला इजा झाली की ते मिर-३४ कुटुंबाचे वाचन वाढवते आणि हे मायक्रोआरएनए विभाजन थांबवायला मदत करतात, असे २००७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले. ज्या अर्बुदात पी५३ निकामी झाले आहे तिथे मिर-३४ चे जनुक शाबूत असूनही त्याला जागे करणारे कोणी उरत नाही. अर्बुदाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी पडतो तेव्हा एचआयएफ हे प्रथिन मिर-२१० चे वाचन वाढवते. कर्कपेशीला त्या अवस्थेत तग धरायला याची मदत होते.

वाचन बंद पाडण्याचा आणखी एक मार्ग म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट बसणे, ज्याला मिथिलीकरण म्हणतात. यात अक्षरे बदलत नाहीत, पण जनुकावर जणू कुलूप बसते. मिर-१२४ आणि मिर-३४ यांची जनुके अनेक अर्बुदांत अशी कुलूपबंद आढळतात. या बिघाडात आशेची जागा आहे, कारण कुलूप काढता येते. २००६ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर मिथिलीकरण रोखणारे एक द्रव्य आणि त्याला पूरक असे दुसरे द्रव्य यांचा एकत्र प्रयोग केल्यावर गप्प झालेला मिर-१२७ पुन्हा बनू लागला आणि त्याचे लक्ष्य असलेले बीसीएल६ हे प्रथिन घटले. मजकूर पुसला गेला असता तर हे कधीच शक्य झाले नसते. कुलूप बसवणारी विकरेसुद्धा मायक्रोआरएनएच्या नियंत्रणाखाली असतात, कारण मिर-२९ त्यांतील दोघांना दाबतो. मिर-२९ घटला की ही विकरे वाढतात आणि आणखी काही जनुके कुलूपबंद होतात. एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो तो असा.

कात्रीची एक धार बोथट होते तेव्हा

२००५ मध्ये विविध अर्बुदांतील दोनशेहून अधिक मायक्रोआरएनएंचे प्रमाण एकत्रितपणे मोजले गेले, तेव्हा निरोगी ऊतींच्या तुलनेत अर्बुदांत ते सर्वसाधारणपणे घटलेले दिसले. एकेका जनुकाच्या हानीने एवढी व्यापक घट समजावता येत नाही. संशय साहजिकच सर्वांना सामाईक असलेल्या यंत्रणेकडे, म्हणजे ड्रोशा आणि डायसर यांच्याकडे वळला. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स अर्बुदाच्या काही रुग्णांत ड्रोशाच्या छेद घेणाऱ्या भागात ठरावीक ठिकाणी उत्परिवर्तन असते, असे २०१४ मध्ये आढळले. डायसरची हकीकत मात्र त्याहून बारकाईने पाहण्यासारखी आहे.

डायसरला दोन धारा आहेत. पिनेच्या वळणाजवळ एक धार डावी भुजा कापते आणि दुसरी धार उजवी. दोन्ही छेद झाल्यावरच वळण गळून पडते. काही कुटुंबांत डायसरच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच निकामी असते. अशा मुलांना फुफ्फुस, अंडाशय, थायरॉइड, मूत्रपिंड अशा अवयवांत दुर्मीळ अर्बुदे होण्याचा धोका असतो. अर्बुदाला आवर घालणाऱ्या इतर जनुकांच्या बाबतीत आपण असे धरतो की उरलेली प्रतही पूर्ण नष्ट झाली की अर्बुद सुरू होते. इथे तसे होत नाही. अर्बुदात दुसऱ्या प्रतीत जे उत्परिवर्तन सापडते, ते जवळजवळ नेहमी डावी भुजा कापणाऱ्या धारेच्या नेमक्या काही जागांवर असते. म्हणजे कात्री मोडत नाही, तर तिची एकच धार बोथट होते. परिणाम असा की उजव्या भुजेतून येणारे मायक्रोआरएनए बनत राहतात, परंतु डावी भुजा वळणाला चिकटूनच राहते आणि तिच्यातून येणारे मायक्रोआरएनए मिळेनासे होतात. लेट-७ चे काम करणारे रेणू डाव्या भुजेतूनच येतात.

डायसर पूर्णच का जात नाही, याचा अंदाज उंदरांवरच्या प्रयोगांतून येतो. डायसरच्या दोन प्रतींपैकी एक काढली की अर्बुदांची वाढ वेगाने होते, पण दोन्ही काढल्या तर कर्कपेशींनाही ते सोसत नाही. सगळेच मायक्रोआरएनए गेले तर पेशी तग धरत नाही. काहीच गेले, आणि तेही नेमके थांबायला सांगणारे गेले, तर मात्र वाढीला मोकळे रान मिळते. कर्करोगात अर्धवट बिघाड हा पूर्ण बिघाडापेक्षा घातक ठरू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

कात्री धड असली तरी तिच्या कामाची गती बदलता येते. पी५३ केवळ जनुकाचे वाचनच वाढवत नाही, तर ड्रोशाच्या संकुलाशी जोडले जाऊन मिर-१६ सारख्या काही मायक्रोआरएनएंचा पहिला छेदही जलद घडवून आणते. निर्गमनाच्या टप्प्यावर, काही अर्बुदांत एक्सपोर्टिन-५ बिघडल्यामुळे पिना केंद्रकातच अडकून पडतात. आर्गोनॉटच्या टप्प्यावर, प्राणवायू कमी असताना ईजीएफआर हे वाढीचे ग्राही प्रथिन आर्गोनॉट-२ वर फॉस्फेट बसवते, त्यामुळे त्याची डायसरशी जोडणी सैल होते आणि काही मायक्रोआरएनएंची शेवटची घडण रखडते. ही उदाहरणे महत्त्वाची आहेत, पण ज्या टप्प्याने मला स्वतःला या विषयात सर्वाधिक खिळवून ठेवले, तो पुढचा आहे.

लेट-७ आणि त्याचा पहारेकरी

माणसात लेट-७ कुटुंबाची डझनभर जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. हे मायक्रोआरएनए रास, मिक, एचएमजीए२ अशा वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांना दाबतात. एखाद्या कर्कपेशीला लेट-७ चा अडथळा दूर करायचा असेल, तर डझनभर जनुके एकेक करून गमावणे हा फार लांबचा रस्ता झाला. जवळचा रस्ता भ्रूणाच्या पेशींनी आधीच आखून ठेवलेला आहे.

भ्रूणाच्या मूळपेशींत लेट-७ ची लांब प्रत तयार होत असते, पण पूर्ण झालेला लेट-७ जवळजवळ नसतो. याचे कारण लिन२८ नावाचे प्रथिन. लेट-७ च्या पिनेच्या वळणात जीजीएजी अशी चार अक्षरे एका ओळीत येतात. लिन२८ ती ओळखून वळणाला घट्ट धरते, त्यामुळे डायसरला तिथे शिरकाव मिळत नाही. एवढ्यावर ते थांबत नाही. ते टीयूटी४ या विकराला बोलावून घेते. हे विकर पिनेच्या मोकळ्या टोकाला यू, यू, यू अशी एकाच अक्षराची शेपटी जोडत जाते. ही शेपटी म्हणजे नष्ट करण्याची खूण. डीआयएस३एल२ हे दुसरे विकर ती ओळखते आणि शेपटीकडून सुरुवात करून अख्खी पिन खाऊन टाकते. जनुक शाबूत, वाचन चालू, ड्रोशाचा छेदही झालेला, आणि तरीही पेशीत लेट-७ नाही.

गर्भाच्या वाढीत हे योग्यच आहे, कारण त्या पेशींना विभागत राहायचे असते. पुढे बहुतेक ऊतींत लिन२८ गप्प होते, लेट-७ वाढतो आणि पेशी आपापले काम स्वीकारून स्थिरावतात. लेट-७ स्वतःही लिन२८ चा संदेश दाबतो, म्हणून ही दोघे एकमेकांना खाली ढकलणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांसारखी आहेत. एक वर गेले की दुसरे खालीच राहते, आणि मधली अवस्था फार काळ टिकत नाही. मानवी अर्बुदांच्या आणि कर्कपेशींच्या तपासणीत सुमारे १५ टक्के नमुन्यांत लिन२८ किंवा त्याचे भावंड लिन२८बी पुन्हा जागे झालेले आढळले आहे. या पेशींनी नवे काही शोधलेले नसते. भ्रूणावस्थेतली जुनी सोय त्यांनी अवेळी पुन्हा सुरू केलेली असते. लिन-२८ हे जनुकही मुळात त्याच एक मिलिमीटरच्या कृमीत, वाढीचे वेळापत्रक ठरवणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणून सापडले होते. लेट-७ बिघडला की थांबायचे विसरणाऱ्या त्या कृमीच्या पेशी आणि लिन२८ जागे झालेल्या या कर्कपेशी यांच्यातील साम्य वरवरचे नाही, कारण बिघडलेली साखळी तीच आहे.

एकच मायक्रोआरएनए, तीन वाटा

लहान मुलांमधील न्यूरोब्लास्टोमा हे अर्बुद अधिवृक्क ग्रंथीत किंवा कण्यालगतच्या चेतापेशींच्या साखळीत उद्भवते. त्याच्या काही रुग्णांत मिकचे भावंड असलेल्या एमवायसीएन या जनुकाच्या असंख्य जादा प्रती असतात आणि असा आजार सहसा उग्र असतो. या अर्बुदात लेट-७ निष्प्रभ झालेला असतो, हे ठाऊक होते. कसा, याचे उत्तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळाले आणि ते एकेरी नव्हते. काही अर्बुदांत लिन२८बी वाढलेले असते. काहींत लेट-७ ची जनुके असलेले गुणसूत्रांचे तुकडेच गळालेले असतात. आणि जिथे एमवायसीएनच्या जादा प्रती आहेत, तिथे त्या जनुकाचा संदेश इतक्या प्रचंड प्रमाणात तयार होतो की लेट-७ त्याच्यावरच बसून संपतो आणि इतर लक्ष्यांसाठी उरत नाही. शेवटची वाट मोकळी असेल तर जनुके गमावण्याची गरज उरत नाही, आणि खरोखरच एमवायसीएनच्या जादा प्रती असलेल्या अर्बुदांत लेट-७ च्या जनुकांची हानी तुलनेने कमी आढळते.

संदेशांनी मायक्रोआरएनए शोषून घेण्याची ही कल्पना आकर्षक आहे आणि तिच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. कितीतरी लांब आरएनए आणि वर्तुळाकार आरएनए यांना ‘मायक्रोआरएनएचा स्पंज’ म्हणून जाहीर करण्यात आले. मला यातील पुष्कळ दावे घाईचे वाटतात. पेशीत एखाद्या मायक्रोआरएनएसाठी बसायच्या जागा आधीच हजारोंनी असतात. त्यांत आणखी शंभर-दोनशे जागांची भर घालून मोठा फरक पडेल, असे हिशेब सांगत नाही. एमवायसीएनच्या बाबतीत दावा पटतो तो संख्येमुळे, कारण तिथे भर पडते ती अवाढव्य असते.

लक्ष्यांच्या बाजूनेही सुटका होऊ शकते. अनेक कर्कपेशी आपल्या संदेशांची शेपटाकडची बाजू आखूड ठेवतात, त्यामुळे मायक्रोआरएनएला बसायच्या जागाच गळून जातात. एचएमजीए२ च्या जनुकाचा शेपटाकडचा भाग गुणसूत्रांच्या अदलाबदलीत तुटला की लेट-७ भरपूर असूनही त्याच्यावर ताबा ठेवू शकत नाही. अशा अर्बुदात लेट-७ मोजला तर तो ठीकठाक भरेल.

मोजमापाचा सापळा

अर्बुदाचा तुकडा म्हणजे निव्वळ कर्कपेशी नव्हेत. त्यात संयोजी ऊतींच्या, स्नायूंच्या, रक्तवाहिन्यांच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही असतात. मिर-१४३ आणि मिर-१४५ हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगात घटतात, असे वर्षानुवर्षे वारंवार नोंदवले गेले आणि ते अर्बुद रोखणारे मायक्रोआरएनए म्हणून गणले गेले. २०१४ मध्ये उंदरांच्या आतड्यात नेमक्या कोणत्या पेशी ते बनवतात हे तपासले गेले. ज्या अस्तराच्या पेशींपासून हा कर्करोग उद्भवतो, त्यांत ते बनतच नाहीत. ते खालच्या आधार देणाऱ्या पेशींत बनतात. निरोगी तुकड्यात या आधार-पेशी जास्त आणि अर्बुदाच्या तुकड्यात कमी, म्हणून एकूण मोजमाप घटलेले दिसत होते. कर्कपेशीत घट झालेलीच नव्हती, कारण तिथे घटायला काही नव्हतेच.

रक्ताच्या नमुन्यातही असाच सापळा असतो. मायक्रोआरएनए रक्तात बराच काळ टिकतात, म्हणून रक्ताच्या चाचणीतून कर्करोग लवकर ओळखण्याची आशा बाळगली जाते आणि ती आशा रास्त आहे. परंतु तांबड्या रक्तपेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ भरपूर असतात. नमुना घेताना किंवा हाताळताना थोड्या पेशी फुटल्या तरी या मायक्रोआरएनएंचे प्रमाण वाढते, आणि ही वाढ आजाराची नसून सुईची असते.

उपचाराचा विचार

टप्पा ओळखण्याला व्यवहारात किंमत आहे ती उपचारामुळे. घटलेला मायक्रोआरएनए बाहेरून देणे ही कल्पना सोपी वाटते. मिर-३४ए ची कृत्रिम प्रत मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरून रुग्णांना देण्याची एक चाचणी एमआरएक्स३४ या नावाने झाली. काही रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या तीव्र प्रतिक्रिया उमटल्या, त्यात मृत्यूही झाले, आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. त्या रुग्णांनी पत्करलेला धोका विसरून या क्षेत्राबद्दल उत्साहाने बोलू नये, असे मला मनापासून वाटते. रेणू नेमक्या अवयवात, नेमक्या पेशीत आणि प्रतिकारशक्तीला न चेतवता पोचवणे हा आजही सर्वांत अवघड भाग आहे. उलट दिशेने, वाढलेल्या मायक्रोआरएनएला जुळणारा पूरक तुकडा देऊन त्याला अडवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. २०१० मध्ये उंदरांत मिर-२१ कृत्रिमरीत्या वाढवून लिम्फोमा घडवला गेला, आणि मिर-२१ बंद करताच अर्बुदे काही दिवसांत विरघळली. एखादे अर्बुद एकाच मायक्रोआरएनएवर इतके विसंबून असू शकते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

पोचवण्याची अडचण उद्या सुटली असे धरले, तरी काय पोचवायचे हा प्रश्न उरतो. लिन२८ जागे असलेल्या अर्बुदात लेट-७ चे जनुक किंवा त्याची पिन पुरवली, तर पहारेकरी तिचे वळण पकडेल, शेपटी जोडली जाईल आणि ती पूर्वीच्या पिनांच्या वाटेनेच नष्ट होईल. तिथे वळण नसलेली, २२ अक्षरांची तयार जोडीच द्यावी लागेल किंवा लिन२८ लाच रोखावे लागेल. डायसरची डावी धार बोथट असलेल्या अर्बुदातही पिन देऊन भागणार नाही, तयार रेणूच हवा. कुलूपबंद जनुकासाठी कुलूप काढणारे औषध पुरेसे ठरू शकेल. एचएमजीए२ चे शेपूट तुटलेल्या अर्बुदात मात्र लेट-७ कितीही ओतला तरी त्या प्रथिनाला आवर बसणार नाही, कारण त्याला बसायला तिथे जागाच राहिलेली नाही.